धूर कुठे जातो? इंग्लंडमधलं जुनं फार्महाउस समजून घेताना

इंग्लंडच्या केंट परगण्यात चिडिंगस्टोनजवळ बाउ बीच नावाचा जलाशय आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याचं काम निघालं तेव्हा बुडीत क्षेत्रात काही जुनी शेतकऱ्यांची घरं येत होती. त्यातलं एक म्हणजे बे-लीफ. ते पाडलं नाही. खांब, तुळया, वासे एकेक करून उतरवले आणि वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा जोडून उभे केले. हे जमलं, कारण मुळात घर बांधलंच तसं होतं. पंधराव्या शतकातल्या सुतारांनी त्याचा सांगाडा आधी आपल्या आवारात तयार केला, जुळवून पाहिला, सुटा केला, गाडीतून जागेवर नेला आणि तिथे उभा केला.

बे-लीफचा मधला आणि एका टोकाचा भाग १४०५ ते १४३० या काळातला आहे, दुसरं टोक साधारण १५०५ ते १५१०चं. ते सरदाराचं किंवा जमीनदाराचं घर नव्हे. स्वतःची किंवा खंडाने घेतलेली जमीन कसणाऱ्या, हातात चार पैसे असलेल्या शेतकऱ्याचं घर. १३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं नेली. मजुरीचे दर चढले, जमिनीला कुळं मिळेनाशी झाली आणि जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांना मोठी शेतं स्वस्तात मिळाली. पुढच्या दीडशे वर्षांत आग्नेय इंग्लंडमध्ये अशी भक्कम घरं शेकड्यांनी उभी राहिली, ती या पैशावर.

अशा घराची रचना पहिल्यांदा बघताना गोंधळ होतो. मधला भाग आत का, दोन टोकं बाहेर का, वरच्या दोन खोल्यांना एकमेकींत जायला वाट का नाही? याची बहुतेक उत्तरं एका प्रश्नात आहेत: चुलीचा धूर कुठे जायचा?

समोरून पाहिलं तर बे-लीफचे चार खण दिसतात, म्हणजे खांबांच्या जोड्यांमधल्या चार मोकळ्या जागा. मधले दोन खण मिळून एकच मोठी खोली, ती म्हणजे हॉल. दोन्ही टोकांना एकेक खण, आणि ही टोकं दुमजली. वरचा मजला खालच्या भिंतीच्या दीड-दोन फूट पुढे काढलेला. हॉलला मात्र वरचा मजला नाहीच, त्यामुळे त्याची भिंत मागे राहते. या सगळ्यावर एकच सलग छप्पर. मधल्या भागात छपराची कड भिंतीच्या पुढे अधांतरी राहते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी कमानीसारखे वाकडे टेकू दिलेले असतात. या घडणीच्या घरांना वील्डन म्हणतात. केंट आणि ईस्ट ससेक्समध्ये ती सर्वात जास्त सापडतात.

हॉलमध्ये वर पाहिलं की थेट छपराचे वासे दिसतात. जमिनीवर, खोलीच्या मध्याच्या आसपास, उघडी आगटी. धुरांडं नाही. धूर वर चढायचा, छपराखाली साठायचा आणि कौलांच्या किंवा गवताच्या फटींतून, छपराच्या टोकाशी ठेवलेल्या झरोक्यांतून हळूहळू बाहेर पडायचा. खोली उंच असेल आणि लाकूड सुकं असेल तर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर धुराचा थर राहतो. संग्रहालयात ही आगटी पेटवलेली पाहायला मिळते. त्यावरून माझं मत असं, की ‘धुराने कोंदलेलं मध्ययुगीन घर’ हे आपल्या डोक्यातलं चित्र जरा जास्तच काळं आहे. डोळे चुरचुरतात हे खरं, पण माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतील इतपत ही सोय चालते.

या धुरामुळेच हॉलवर मजला घालता येत नव्हता. हॉलच्या एका अंगाला समोरासमोर दोन दारं आणि त्यांच्यामध्ये आरपार वाट. वाटेच्या पलीकडे दोन छोट्या खोल्या, एक पेयांच्या पिंपांची, दुसरी भाकरी आणि कोरड्या जिनसांची. हे घराचं ‘खालचं’ टोक. हॉलच्या विरुद्ध बाजूला मालकाचं टेबल आणि भिंतीला लागून बाक, त्यामागे एक आतली खोली आणि तिच्यावर मालकाची झोपायची खोली. हे ‘वरचं’ टोक. दोन्ही टोकांना वर खोल्या होत्या, पण मधे हॉल छपरापर्यंत मोकळा. एका माडीवरून दुसऱ्या माडीवर जायचं तर जिना उतरा, हॉल ओलांडा आणि दुसरा जिना चढा. मालक, बायको-मुलं, शेतावरचे गडी, मोलकरणी सगळ्यांची वर्दळ या एका खोलीतून. जेवणंही तिथेच, आणि कोण आगटीपासून किती अंतरावर बसतो यावरून त्याचा मान ठरायचा.

खिडक्यांना काच नव्हती. चौकोनी ओकचे दांडे कोपरा पुढे येईल असे उभे बसवलेले आणि आतून लाकडी झडप. थंडीत झडप लावली की उजेड गेला. त्यामुळे हॉलची मोठी, उंच खिडकी मालकाच्या टेबलाजवळच असायची.

आता सांगाडा. लाकूड ओकचं आणि तेही ओलं. आपल्याला वाटतं की लाकूड वर्षानुवर्षं वाळवून मग वापरत असतील. पण वाळलेला ओक लोखंडासारखा कडक होतो, त्यात कुऱ्हाडीने आणि वाकसाने काम करणं फार जिकिरीचं. म्हणून झाड तोडल्यावर थोड्याच महिन्यांत ते तासून, खाचा पाडून वापरायचे. फार थोराड झाडंही लागत नसत. राखलेल्या रानातली पन्नास-साठ वर्षांची सडपातळ झाडं पुरायची, मात्र एका मोठ्या फार्महाउसला अशी तीनशेच्या आसपास झाडं लागायची.

सांधा साधा: एका लाकडाला खाच, दुसऱ्याच्या टोकाला तीत बसणारं कुसू आणि दोन्हींतून ठोकलेली ओकची खुंटी. खिळे जवळजवळ नाहीतच. खरी गंमत खुंटीच्या भोकात आहे. खाचेतलं भोक आणि कुसवातलं भोक सुतार मुद्दाम एका रेषेत पाडत नसे, थोडंसं पुढेमागे ठेवायचा. सुकी, निमुळती खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढून घेते आणि सांधा आवळतो. पुढे ओला ओक वाळत आक्रसला तरी सांधा सुटत नाही. वाळताना लाकूड वाकतं, पीळ खातं, चिरतं. जुन्या घरांच्या भिंती आणि जमिनी तिरक्या दिसतात त्यामागे पाया खचणं हेच एक कारण नसतं. ओकने पहिल्या काही दशकांत आपली जागा शोधलेली असते.

कोपऱ्यावरच्या खांबाकडे नीट पाहिलं तर तो वरच्या टोकाला जाड असतो. झाड उलटं लावलेलं असतं, बुंधा वर आणि शेंडा खाली. कारण खांबाच्या माथ्यावर दोन तुळया येतात: भिंतीच्या लांबीने जाणारी आणि घराच्या रुंदीने आडवी जाणारी. दोन्हींना आपापलं कुसू हवं, म्हणजे तिथे लाकूड जास्त हवं, आणि ते बुंध्याकडेच मिळतं. हा तीन लाकडांचा सांधा या घरांच्या सुतारकामातला सर्वात हुशार भाग आहे असं मला वाटतं. तो नसता तर छपराच्या वजनाने भिंती बाहेर फाकल्या असत्या.

लाकडांवर कोरलेले रोमन आकडे दिसतात, एक, दोन, तीन, चार. ती वर्षं नाहीत. आवारात सुटा केलेला सांगाडा जागेवर जोडताना कोणतं कुसू कोणत्या खाचेत जायचं, याच्या त्या सुताराच्या खुणा. चार हा आकडा अनेकदा चार उभ्या रेघांनीच लिहिलेला असतो.

खांबांमधल्या जागा भरल्या त्या कुडाने. चिरलेल्या ओकचे उभे दांडके, त्यांत विणलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्या आणि दोन्ही बाजूंनी लिंपलेली चिकणमाती, पेंढा आणि शेण यांचा गारा, त्यावर चुना. कोकणातल्या जुन्या घरात कारवीच्या काठ्यांचा कूड पाहिलेल्या माणसाला इथे वेगळं काही सांगावं लागणार नाही. वजन सांगाडा घेतो, कूड फक्त वारा-पाऊस अडवतो. म्हणूनच पुढच्या काळात कूड काढून तिथे विटा भरणं सहज शक्य झालं. काही घरांत उभे दांडके अगदी जवळजवळ दिसतात. त्याने मजबुती फारशी वाढत नाही, लाकूड मात्र भरपूर लागतं, आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसावं हाच हेतू असे. अशी दाट कामगत बहुतेक वेळा फक्त दर्शनी बाजूला असते. परसदारी मालकाने हात आखडता घेतलेला असतो.

छपराला आढं नसतं. वाशांच्या जोड्या वर एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीला मध्ये एक आडवी पट्टी. या सगळ्या पट्ट्यांच्या खालून एक लांब तुळई जाते, आणि तिला पेलायला आडव्या मोठ्या तुळईच्या मधोमध एक आखूड खांब उभा. हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेत येणारा हा खांब कोरीव असतो, टोकांच्या खोल्यांवरचे त्याचे भाऊबंद ओबडधोबड.

छपरातच जुन्या घराचा सर्वात भरवशाचा पुरावा मिळतो. माळ्यावर चढून विजेरी मारा. वासे काळे, काजळीचा थर चढलेले असतील तर खाली कधीकाळी उघडी आगटी होती. दोन खण काळे आणि शेजारचे स्वच्छ असतील, तर मधली भिंत पहिल्यापासून छपरापर्यंत होती. सगळेच काळे असतील तर ती भिंत नंतरची. बाहेरून अठराव्या शतकातलं वाटणारं एखादं विटांचं घर आतून पंधराव्या शतकातलं आहे, हे अनेकदा असंच उघडकीला आलं आहे. पुढचं काम वृक्षवलयांचं. लाकडात सळईएवढं छिद्र पाडून नमुना काढतात आणि वलयांच्या रुंदीचा क्रम आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी पडलं हे सांगता येतं, कधी कधी ऋतूसुद्धा. ओक ओलाच वापरत असल्याने घराचं वर्ष त्याच्या जवळपास येतं. ‘सुताराने नक्षी अशी काढली, म्हणजे अमुक शतक’ या अंदाजांपेक्षा हे कितीतरी बरं.

सोळाव्या शतकात धुराची वाट बदलली. आधी काहींनी हॉलचा एक अरुंद खण पडदीने वेगळा केला आणि धूर तेवढ्यातच कोंडला. काहींनी लाकूड आणि मातीची धुरांडी केली, जी पेट घ्यायची. मग विटांचं धुरांडं आलं. एसेक्समधला पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७मध्ये छापलेल्या वर्णनात गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं नोंदवलं आहे की त्यांच्या हयातीत तीन गोष्टी अजब बदलल्या. त्यात पहिली, नव्याने उभी राहिलेली असंख्य धुरांडी. बाकी दोन म्हणजे अंथरूण-पांघरूण आणि लाकडी ताटं जाऊन आलेली धातूची भांडी.

धूर विटांच्या नळीत गेला आणि हॉलचं छपरापर्यंत मोकळं राहण्याचं कारण संपलं. लगेच त्यात मजला घातला गेला. आज अशा घरात हॉलमध्ये जी जाडजूड, कडा तासलेली तुळई डोक्यावर दिसते ती या वेळची, मूळ घरापेक्षा शंभर-दीडशे वर्षांनी लहान. दोन टोकांच्या माड्या पहिल्यांदा एकमेकींना जोडल्या गेल्या. धुरांडं पुष्कळदा जुन्या आरपार वाटेतच उभं केलं, कारण तिथे जागा होती आणि हॉलची शेकोटी तिकडे पाठ करून बसवता यायची. मग पुढचं दार उघडलं की समोर विटांची भिंत आणि डावी-उजवीकडे एकेक खोली. पुढे नवी घरं बांधताना लोकांनी हीच मांडणी मुद्दाम केली, कारण एका धुरांड्यावर दोन खोल्या ऊबदार होत होत्या.

इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३मध्ये १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ म्हटलं. नंतरच्या अभ्यासकांनी तारखांवर हरकती घेतल्या. काही भागांत हे आधी झालं, उत्तरेत बरंच नंतर. पण बदलाची दिशा त्यांनी बरोबर पकडली होती. १६६२मध्ये सरकारने प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला आणि तो १६८९पर्यंत चालला. त्या कराच्या याद्यांवरून कोणत्या गावात कोणाच्या घरी किती शेकोट्या होत्या ते आज वाचता येतं.

या शेकोट्या म्हणजे छोट्या खोल्याच. आत बसायला बाक, एका बाजूला पावाची भट्टी, मीठ कोरडं राहावं म्हणून भिंतीत कोनाडा आणि तोंडावर ओकची प्रचंड तुळई. त्या तुळईवर थेंबाच्या आकाराच्या जळक्या खुणा दिसतात. मेणबत्ती तिरकी धरून मुद्दाम केल्याशिवाय तसा आकार येत नाही, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. कर्काटकाने काढलेली सहा पाकळ्यांची फुलंही सापडतात. धुरांडं ही घरातली कधीच बंद न होणारी वाट, तिथून काही वाईट आत शिरू नये म्हणून या खुणा असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. धुरांड्याच्या कडेला लपवलेले जुने, झिजलेले बूटही निघतात. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा बुटांची रीतसर नोंद ठेवली जाते.

खोल्या वाढल्या तशी माणसं वेगळी झाली. मालकाची बैठक, गड्यांचं स्वयंपाकघर, वर स्वतंत्र झोपायच्या खोल्या. १८२५मध्ये पत्रकार आणि लेखक विल्यम कॉबेट सरे परगण्यातल्या रायगेटजवळ एका फार्महाउसच्या लिलावात गेला होता. जिथे पूर्वी गडी-मालक एका लांब ओकच्या टेबलाशी जेवत, तिथे आता शेतकऱ्याने नोकराला बोलवायची घंटा आणि दिवाणखाना केला, यावर तो भलताच चिडला. कॉबेट चिडखोरच होता आणि जुन्या काळाला जरा जास्तच सोन्याचा मुलामा द्यायचा. पण गडी मालकाच्या घरातून बाहेर पडले, ही त्याची नोंद खरी आहे.

दर्शनी बाजू तर फॅशनप्रमाणे बदलत गेली. अठराव्या शतकात लाकडी सांगाडा गावंढळ वाटू लागला. मग पुढे विटांची भिंत, सरकत्या खिडक्या, मधोमध दार. मागे गेलं की तेच जुनं घर. केंट-ससेक्समध्ये भिंतींवरही कौलं टांगली. त्या कौलांचं माप १४७७च्या कायद्याने साडेदहा इंच बाय सव्वासहा इंच ठरवून दिलेलं होतं, आणि आजही दुरुस्तीला त्याच मापाच्या आसपासची कौलं मिळतात. १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच या कराकडे बोट दाखवतात. काही ठिकाणी ते बरोबरही असतं, पण कित्येक खिडक्या आत जिना किंवा धुरांडं आल्यामुळे बुजल्या, आणि काही तर फक्त दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून पहिल्यापासूनच बंद बांधलेल्या होत्या.

इंग्लंड सगळं असं नाही. पश्चिमेकडे आणि उत्तरेत वाकडं झाड उभं चिरून त्याचे दोन अर्ध समोरासमोर टेकवत आणि जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत एकच कमान करत. डार्टमूरच्या पठारावर ग्रॅनाइटची लांब घरं, त्यांत एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये वाट, उतार गुरांच्या बाजूला. कॉट्सवोल्डमध्ये मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, डेव्हनमध्ये माती-पेंढ्याच्या दोन फुटांहून जाड भिंती. शेतकऱ्याला गाडीने एका दिवसात आणता येईल तेवढ्याच अंतरातलं सामान घराला लागायचं, म्हणून नकाशावर दगड बदलला की घरं बदलतात.

दोन समज मात्र सगळीकडे ऐकू येतात. एक, तुळया जुन्या लढाऊ जहाजांच्या आहेत, बहुधा आर्माडाच्या, म्हणजे इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराच्या. समुद्रापासून पन्नास मैलांवरच्या शेतकऱ्याने शेजारचं रान सोडून जहाजाचं वाकडं लाकूड का आणावं? तुळईवरच्या रिकाम्या खाचा दुसऱ्या जुन्या घरातल्या असतात, किंवा त्याच घरात पूर्वी असलेल्या आणि नंतर काढलेल्या भिंतीच्या. दुसरा समज काळ्या लाकडांचा. पांढऱ्या भिंती आणि डांबरासारख्या काळ्या तुळया ही रंगसंगती बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकात चढली. आग्नेयेत ओक तसाच सोडत किंवा भिंतीबरोबर त्यावरही चुन्याचा हात मारत. उघडा ओक चंदेरी राखाडी होतो.

ही घरं जपण्याची चळवळ कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७मध्ये संस्था काढून सुरू केली. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारत ईस्ट ससेक्समधलं अल्फ्रिस्टनचं असंच एक वील्डन घर, १८९६मध्ये दहा पौंडांना. १९४७च्या नगररचना कायद्यानंतर जुन्या इमारतींच्या याद्या झाल्या. यादीतल्या घरात भिंत हलवायची, खिडकी बदलायची, अगदी छपरातली काजळी साफ करायची म्हटलं तरी आधी स्थानिक प्रशासनाला विचारावं लागू शकतं.

बे-लीफपुरता एक पेच राहतो. संग्रहालयाने ते साधारण १५४०मध्ये दिसत असावं तसं उभं केलं, म्हणजे नंतरच्या शतकांतले बदल वगळले. खुली आगटी बघायला मिळते ती या निर्णयामुळे. मला तो निर्णय पटतो, कारण तसं पूर्ण घर इतरत्र बघायला मिळणं फार दुर्मीळ आहे. पण ज्या घरात अजून माणसं राहतात तिथे हेच करणं चुकीचं ठरेल. तिथला मजला, धुरांडं, विटांचं तोंड हे सगळं त्या घराचंच आहे.

राहत्या घरांना सर्वात मोठा धोका आहे तो सिमेंटचा. कूड, चुना आणि ओक पावसात थोडं पाणी पितात आणि वाऱ्यात ते सोडतात. विसाव्या शतकात अनेक मालकांनी ओल थांबावी म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. लाकूड उन्हाथंडीत हललं की त्या गिलाव्याला केसाएवढी चीर पडते, तीतून पाणी आत जातं आणि परत बाहेर पडू शकत नाही. सहाशे वर्षं टिकलेली जमिनीलगतची तुळई काही वर्षांत आतून कुजून जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. आता जाणकार कारागीर तो गिलावा जपून काढतात, कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे नवा ओला ओक जुन्याच पद्धतीच्या सांध्याने बसवतात आणि वरून पुन्हा चुना लावतात. हा चुना दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो, आणि घर विकत घेताना दलाल हा खर्च सहसा सांगत नाहीत.